नाव न सांगता निरोप: ब्रिटनच्या गुप्तरोग दवाखान्यांची वाटचाल

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम मायदेशी परतले आणि १९१३ मध्ये गुप्तरोगांवरच्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष झाले. कमिशनच्या १९१६ च्या अहवालातून ब्रिटनमधले सार्वजनिक दवाखाने उभे राहिले. उपचार मोफत, नाव गुप्त, तीन चतुर्थांश खर्च सरकारचा.

गुप्ततेचा आग्रह उगाच नव्हता. १८६४ पासून खास कायद्यांच्या जोरावर छावण्या आणि बंदरांच्या गावांत पोलीस नुसत्या संशयावरून बायकांना तपासणीला नेत. सैनिकांना मात्र कुणी विचारत नसे. समाजसुधारक जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया चिवटपणे लढल्या, तेव्हा १८८६ मध्ये ते कायदे गेले.

दवाखान्यात आलेला रोगी बरा होई. पण त्याला जिच्याकडून लागण झाली ती व्यक्ती बाहेरच राही. दुसऱ्या महायुद्धात गरमीचे रोगी वाढले आणि १९४२ च्या अखेरीस सरकारनं नियम ३३ ब आणला. दोन रोग्यांनी एकाच व्यक्तीचं नाव घेतलं तर तिच्यावर तपासणी आणि उपचारांची सक्ती. नकार दिल्यास शिक्षा. नावं आली ती बहुतेक बायकांचीच. त्यातली बरीचशी एकाच रोग्यानं सांगितलेली, म्हणून नियमाला तिथे काहीच करता येईना.

न्यूकॅसल आणि आसपासच्या टाइनसाइड भागानं युद्धकाळातच वेगळी वाट धरली. एकानं नाव सांगितलं तरी पुरे. प्रशिक्षित कार्यकर्ती त्या व्यक्तीला गाठी, आपण कशासाठी आलो ते घरच्यांना कळू देत नसे, नाव कुणी दिलं तेही सांगत नसे. सक्ती नाही, समजूत. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतलं सगळ्यात मोलाचं पाऊल हेच. ३३ ब १९४७ मध्ये संपला. टाइनसाइडचं काम चालूच राहिलं. त्या अखंड २७ वर्षांचा वृत्तान्त तिथले गुप्तरोगतज्ज्ञ डॉ. विगफील्ड यांनी १९७२ मध्ये लिहिला.

पुढे दवाखान्यांत या कामासाठी आरोग्य सल्लागार आले. रोग्याच्या हाती जोडीदारासाठी चिठ्ठी दिली जाऊ लागली. तिच्यावर रोगाचं नाव नाही, फक्त सांकेतिक खूण. जोडीदारानं ती दुसऱ्या गावच्या दवाखान्यात दाखवली तरी डॉक्टरला कळे काय तपासायचं. १९७४ च्या नियमांनी ही गुप्तता कायद्यात पक्की केली: माहिती द्यायची ती केवळ उपचारासाठी आणि प्रसार रोखण्यासाठी.

२०२३ मध्ये इंग्लंडमध्ये परम्याचे ८५ हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले, १९१८ पासूनच्या नोंदींतला उच्चांक. अशा वेळी सार्वजनिक आरोग्याच्या निधीला गेल्या दशकात लागलेली कात्री फार चिंतेची आहे. चाचणीची पेटी टपालानं घरी येते, ते चांगलंच. पण जोडीदाराला हे कसं सांगू, असं विचारणाऱ्या रोग्याजवळ बसायला अनुभवी सल्लागारच लागतो, आणि त्याचा पगार आधी वाचवायला हवा.