गढूळ पाण्यात कोणतं आमिष? मानसोल्लास, घोड नदी आणि जिताडा

नद्यांवरच्या मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "समुद्र खवळलेला असताना जिताड्यासाठी कोणता ल्युअर लावावा?" प्रश्न कोकणातला आणि मी पारगावचा. पण त्याच्या उत्तराला जवळजवळ नऊशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक तुकडा आमच्या घोड नदीतला आहे. म्हणून आजचा भाग आमिषावर.

सुरुवात कल्याणीच्या चालुक्यांपासून करू. तिसरा सोमेश्वर हा राजा. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११३० च्या आसपासचा. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती, संगीत असं सगळं त्यात आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणही आहे. गळ टाकून मासे धरणं हा राजाचा विनोद, म्हणजे करमणूक! तिथे सुमारे ३५ माशांची नावं येतात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवले असलेले कोणते, नसलेले कोणते, अशी वर्गवारी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्या माशाला काय खाऊ घालायचं, हे वेगवेगळं सांगितलंय. कुणाला तिळाचे गोळे, कुणाला डाळीचं पीठ आणि भात, कुणाला मांस. मासे ठरावीक जागी यावेत म्हणून आधी त्यांना तिथे खाण्याची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं.

आता हे आमिष मुख्यतः कशावर चालतं? वासावर आणि चवीवर. पाणी गढूळ असलं तरी वास पोचतो. आपल्याकडे पहिल्या पावसात लाल पाणी आलं की गांडूळ लावतात, त्यामागे हेच आहे. शिंगट्यासारख्या माशाला मिशा असतात. अंधाऱ्या पाण्यात तो त्या मिशांनी चाचपत खातो. त्याला चकाकी दाखवून फारसा उपयोग नाही.

पुढचा टप्पा आमच्या दारातला. घोड नदी आहुप्याजवळ सह्याद्रीत उगम पावते, आंबेगाव तालुक्यातून खाली येते, पारगावजवळ तिला मीना मिळते आणि पुढे ती शिरूरला जाते. शिरूरला आजही लोक 'घोडनदी' म्हणतात. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२४ मध्ये, विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं होतं. शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीला त्याने पक्षी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८-३९ चा. त्यात त्याने एका मोठ्या माशाला 'बार्बस मुसल्ला' असं नाव दिलं आणि तो मिळाल्याचं ठिकाण लिहिलं, घोड नदी, शिरूर. म्हणजे पारगावच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर.

साइक्सची नावं बघा मंडळी. खुद्री, कोलस, पोटेल, बोगट, शिंगटी, घोगरा. ही लॅटिन नाहीत, आपल्याकडची आहेत! त्याने इथली नावं कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली आणि आज जगभरातले शास्त्रज्ञ तीच वापरतात. महाशीरच्या एका जातीचं नाव 'टोर खुद्री' आहे, ते तिथूनच आलंय. नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावं अशी टिकली. पण कोणत्या माशाला कोणत्या पाण्यात काय लावायचं, हे त्यांचं ज्ञान त्या नावांबरोबर आलं नाही. मला याची चुटपुट वाटते.

ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, ही गोष्ट इथे पुस्तकांतून पोचली ती साहेबामुळे. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या गळाचं पेटंट घेतलं होतं. इकडे मद्रास इलाख्यात हेन्री सुलिव्हन थॉमस हा मुलकी अधिकारी होता. त्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं. महाशीरसाठी त्याने स्पूनची भरपूर तरफदारी केली. स्पूनला वास नसतो. तो चकाकतो आणि पाण्यात डुलतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते. स्पून डोळ्यांशी बोलतो, तसा या रेघेशीही बोलतो.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. आहुप्याच्या कड्यावरून पूर्वेला उतरलेलं पाणी घोडेत येतं, आणि पश्चिमेला उतरलेलं कोकणात खाडीकडे जातं. जिताडा या खाड्यांतला आणि किनाऱ्यावरचा. समुद्र खवळला की तीन गोष्टी बदलतात. वारा समोरून येतो, पाणी गढूळ होतं आणि लाटांचा गोंगाट वाढतो. वाऱ्यासाठी ल्युअर जड आणि सडपातळ हवा, नाहीतर तो लांब जात नाही. पण खडकाळ उथळ जागी जड ल्युअर अडकतो, तिथे तरंगणारा आणि ओढल्यावर थोडा बुडणारा बरा. गढूळ पाण्यात बारीक नक्षी कोण बघतोय? आकार मोठा, रंग एकतर गडद किंवा एकदम भडक, आणि ओढताना जोरात थरथरणारा किंवा आत मणी खुळखुळणारा. नुसता फेस आहे पण पाणी नितळ आहे, तर पांढरा किंवा चंदेरी चालतो. आणि पावसाळ्यात खडकावर एकट्याने जाऊ नका. त्यापुढे मासा महत्त्वाचा नाही.

थोडक्यात, आधी पाणी बघायचं, मग माशाचं नाक, डोळा की ती रेघ, यातलं काय चालू आहे ते ठरवायचं, आणि पेटी त्यानंतर उघडायची. सोमेश्वराच्या ग्रंथातही आमिष ठरतं ते माशावरूनच.

घोडेचं मात्र पाणीच बदललं. वर डिंभे धरण झालं, ज्यावरून तालुक्याचं नाव पडलं ते जुनं आंबेगाव त्यात बुडालं. मीनेवर वडज झालं. शेतीला पाणी मिळालं, आमच्या भागात ऊस उभा राहिला, हे नाकारून चालणार नाही. पण पावसाळ्यात वर सरकणाऱ्या चढणीच्या माशाला भिंत चढता येत नाही. वाहत्या पाण्यातले मोठे मासे अशा नदीत मागे पडतात आणि धरणात सोडलेले रोहू, कटला पुढे येतात. वाहत्या पाण्यातल्या माशाचं आमिष आता विचारतंय कोण?

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात नदीवर जाणारे जुने भोई, कोळी असतील तर त्यांना दोन गोष्टी विचारा, माशांची नावं आणि लाल पाण्यात ते काय लावायचे. ऐकाल ते फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. एक अख्खा भाग त्यावर करू. आणि चढणीचा मासा अंडी घालायला निघालेला असतो, तेवढा जाऊ द्या. भेटू पुढच्या भागात.