रिमिक्सची जन्मकथा

‘रिमिक्स’ म्हणजे जुन्या गाण्याची विटंबना, असा अर्थ सुशिक्षित घरांतून बहुधा गृहीत धरला जातो. या कलेचा उगम पाहिला असतां ही समजूत अपुरी आहे असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे नाट्यपदांच्या मथळ्याशीं ‘चाल’ देण्याची पद्धत होती, आणि जुन्या चालीवर नवें पद रचण्यांत कोणी कमीपणा मानीत नसे. परंतु तेथें चाल उसनी असली तरी आवाज नवा असे. रिमिक्समध्यें मुद्रित ध्वनीच उसना घेतला जातो. वादाचा खरा मुद्दा हाच होय.

हें शक्य झालें तें चुंबकीय फितीमुळें. फितीवर समांतर पट्टे ठेवून एकावर ताल, दुसऱ्यावर वाद्यें, तिसऱ्यावर कंठ असें निरनिराळें मुद्रण करतां येऊं लागलें, आणि त्यांचें परस्पर प्रमाण मागाहून बदलण्याची सोय झाली. पण या सोयीची कला बनली ती जमैका बेटावरील किंग्स्टन शहरांत. तेथील गरीब वस्त्यांत अवाढव्य कर्णे मांडून उघड्यावर नाच चालत, व तबकड्या वाजविणाऱ्या मंडळ्यांत मोठी चुरस असे. १९६७-६८ च्या सुमारास रडी रेडवुड नांवाच्या अशा एका चालकासाठीं ड्यूक रीडच्या ध्वनिमुद्रणगृहांत तबकडी कापतांना गायकांचा आवाज घालावयाचा राहून गेला, अशी हकीकत आहे. त्यानें ती तशीच वाजविली; तेव्हां जमलेले लोक त्या मोकळ्या जागेंत स्वतःच गाऊं लागले! पुढें तबकडीच्या मागील बाजूस गीताचें असें कंठहीन रूप देण्याचा प्रघातच पडला.

या प्रघातास कलेची प्रतिष्ठा दिली ती किंग टबी यानें. हा मूळचा विजेचीं उपकरणें दुरुस्त करणारा कारागीर. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वॉटरहाउस वस्तींतील घरीं त्यानें चार पट्ट्यांचें मिश्रणयंत्र बसविलें. गायकाचा शब्द अर्ध्यावर तोडावा, त्याचा प्रतिध्वनि दूर विरूं द्यावा, आणि मागें केवळ खर्जाचें गिटार व ढोल उरावे, ही त्याची रीत. मिश्रणयंत्रच त्याचें वाद्य झालें. या प्रकारास ‘डब’ म्हणतात.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें टॉम मोल्टन नर्तकांसाठीं गाणीं लांबवीत होता. १९७६ मध्यें वॉल्टर गिबन्सनें ‘टेन पर्सेंट’ या गीताचें विस्तारलेलें रूप सिद्ध केलें. तें बारा इंची तबकडीवर विक्रीस आलें. मोठ्या तबकडीवर खोबणी ऐसपैस बसत, त्यामुळें खर्ज अधिक जोरकस उमटे.

आतां न्यायाचा प्रश्न. किंग्स्टनच्या वादकांस बहुधा गाण्यामागें ठरीव मजुरी मिळे. त्यांच्या खर्जावर पुढें कितीही नवीं रूपें उभीं राहिलीं तरी त्यांच्या पदरीं क्वचितच कांहीं पडे. जमैकानें स्वामित्वहक्काचा नवा कायदा केला तो १९९३ सालीं. तोंवर टबीची हत्या होऊन चार वर्षें लोटलीं होतीं. कलेची नवलाई मान्य करूनही हें ऋण विसरतां येत नाहीं.

आज हें सर्व काम घरच्या संगणकावर होतें. ज्या तरुणांस याची हौस असेल त्यांनीं प्रथम नवीन आवाजांची भर न घालतां, काय काय वगळलें तरी गाणें गाणेंच राहतें हें पाहावें. आणि जें उरेल त्यावर मूळ वादकांचें नांव लिहिण्यास विसरूं नये.