लष्करी गुन्हे (भारत)

लष्करी कायदा लागू असलेल्या व्यक्तीची, त्या कायद्याने शिक्षापात्र ठरवलेली कृत्ये. भूसेनेला सेना अधिनियम, १९५० लागू असून तो २२ जुलै १९५० रोजी अमलात आला. हवाई दलासाठी १९५० चा व नौदलासाठी १९५७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला दिला आहे.

व्याख्या : सेना अधिनियमातील कलमे ३४ ते ७० गुन्ह्यांविषयी आहेत. शत्रूला साहाय्य, बंड, पलायन, आज्ञाभंग, वरिष्ठावर हात उगारणे, हाताखालच्यांचा छळ, नशा, खोटे दस्तऐवज असे गुन्हे त्यांत येतात. कृत्य कोणत्या परिस्थितीत घडले यावर त्याचे गांभीर्य ठरते. पहाऱ्यावरचा जवान झोपी गेला, तर एरवी ७ वर्षांपर्यंत कारावास होतो. तो सक्रिय सेवेत (शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर) असेल, तर १४ वर्षांपर्यंत. युद्धाच्या किंवा धोक्याच्या इशाऱ्याच्या वेळी मात्र याच झोपेला मृत्युदंडही होऊ शकतो, कारण त्याच्या भरवशावर सारी तुकडी निर्धास्त असते.

पलायन व गैरहजेरी : येथे हेतू निर्णायक ठरतो. रजा संपूनही न परतणे ही विनापरवाना गैरहजेरी असून तिला कमाल ३ वर्षे कारावास आहे. कायमचे न परतण्याच्या किंवा विशिष्ट कामगिरी टाळण्याच्या इराद्याने निघून जाणे हे पलायन होय. त्यास एरवी ७ वर्षांपर्यंत कारावास, तर सक्रिय सेवेत मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. गैरहजेरी ३० दिवसांवर गेल्यास चौकशी न्यायालय नेमून जवानाला फरारी मानता येते. पण कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, पलायनाचा हेतू सिद्ध करावाच लागतो.

नागरी गुन्हे : चोरी, फसवणूक यांसारखे सामान्य कायद्यातील गुन्हेही कलम ६९ नुसार कोर्ट मार्शलपुढे चालतात. मात्र लष्करी कायद्याबाहेरील व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार यांचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो. सक्रिय सेवा, परदेश व अधिसूचित सीमाचौकी हे त्याला अपवाद आहेत. पुण्याजवळील देहू येथील लष्करी वाहन डेपोतील सामानाच्या अपहाराचा खटला विशेष न्यायाधीशापुढे चालला होता. आरोपीला कोर्ट मार्शलपुढे उभे करण्याचा निर्णय झालेला नसल्यास असा खटला वैध ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले.

मर्यादा : जेवण्याचा हुकूम न पाळल्याबद्दल एका जवानाला वर्षभर सश्रम कारावास व बडतर्फी झाली होती. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच त्या कोर्ट मार्शलमध्ये बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती शिक्षा रद्द केली. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ मुळे आता कोर्ट मार्शलच्या निकालावर अपील करता येते. शिस्त ही सैन्याची गरज आहे. पण शिक्षा गुन्ह्याच्या मानानेच असली पाहिजे आणि न्यायाधीश निःपक्षपातीच असला पाहिजे, हे तत्त्व लष्करालाही बंधनकारक आहे.