पखालीचा बैल आणि लष्कराचा मान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नावाला शोभेल असे काही सांगावयाचे तर आधी स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे, असे मला वाटते. आजचा विषय त्या चुकीतूनच निघालेला आहे.

१९८३ साली मी महाविद्यालयात बखरवाङ्मय शिकवीत असे आणि एन.सी.सी.च्या पथकाचे कामही माझ्याकडे होते. हिवाळी शिबिरात काही मुलांना कवायतीऐवजी भटारखान्यात आणि पाण्याच्या टाकीवर नेमले गेले. बाकीची मुले त्यांना ‘बाजारबुणगे’ म्हणून चिडवू लागली. तो शब्द त्यांना मीच दिला होता. पानिपतच्या तासाला मोठ्या रंगात येऊन. ते ऐकून मी हसलो, हे अधिक वाईट. शिबिरावरच्या वृद्ध सुभेदारसाहेबांनी मात्र दुसऱ्या दिवशी हुकूम फिरविला. चिडविणारी मुले बादल्या घेऊन टाकीवर गेली आणि पाणी भरणारी मुले ध्वजवंदनाच्या पहिल्या रांगेत उभी राहिली. मला बाजूस घेऊन ते एवढेच म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तहानलेल्या शिपायाच्या हातात बंदूक काठीसारखी असते.” मी खजील झालो आणि त्या शब्दाच्या मागे लागलो.

बुणगे म्हणजे मुळात लष्कराचे जड सामान आणि त्यासोबत चालणारी माणसे. त्या शब्दात शिवी नव्हती. मराठी फौजेबरोबर तंबू उभारणारे फरास, वाट व मोर्चे तयार करणारे बेलदार, घोड्यांचे मोतद्दार, नालबंद, उंटांचे सारवान, जखमा बांधणारे जर्राह, बैलांच्या तांड्यांवर धान्य आणणारे लमाण, पखालीने पाणी पुरविणारे भिस्ती आणि हिशेब राखणारे कारकून असत. तलवार ज्याच्या हाती त्याचे नाव बखरीत आले. त्याच्या घोड्याला नाल ज्याने ठोकला त्याचे आले नाही.

पानिपतच्या पराभवाचा दोष आपण या बुणग्यांच्या माथी मारीत आलो. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. यात्रेकरू आणि कुटुंबकबिला यांच्या ओझ्याने फौज मंदावली, हे खरेच आहे. जड सामान चंबळेच्या अलीकडे ठेवून सडे पुढे जावे, असा सल्ला सूरजमल जाट व मल्हारराव होळकर यांनी दिला होता, असे सांगतात. परंतु हौसेने आलेला यात्रेकरू आणि कामावर आलेला भिस्ती यांना एकाच शब्दात कोंबणे हा अन्याय आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांना धान्य मिळाले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. अंतर्वेदीतून शत्रूची रसद तोडण्याचे व आपली पोचविण्याचे काम वृद्ध गोविंदपंत बुंदेल्यांवर होते. ते मुळात वसुलीचे अधिकारी. डिसेंबरात ते मारले गेले आणि छावणीची उपासमार वाढली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती उपाशी पोटी. म्हणजे पुरवठा करणारी माणसे फार होती म्हणून नव्हे, तर पुरवठ्याची वाट राखता आली नाही म्हणून घात झाला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत आहे.

ही गोष्ट शिवछत्रपतींनी कितीतरी आधी ओळखली होती. मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या हालवर्ण येथील पागेला त्यांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. आता दाणावैरण उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला लुटाल आणि ती तुम्हांस मोगलांहून वाईट समजेल, असा त्याचा आशय. गवताच्या गंज्या पेटू नयेत म्हणून रात्रीच्या दिव्याची वात उंदीर नेईल, इथवर त्यांची नजर पोचली. मला त्याचा मायना फार मोलाचा वाटतो. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एकाच पत्रात, एकाच ओळीत संबोधिले आहे. कारकून मोजून देईल तेवढेच घ्यावे, हा स्वाराला दिलेला धडा आहे.

आता आपल्या ग्वाल्हेरीकडे वळू. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. महादजी पायाला जबर जखम होऊन रणातून निसटले. ते पुढे जन्मभर लंगडत. वाटेत विव्हळत पडलेल्या या स्वाराला राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महादजींनी त्याला बक्षीस देऊन वाटेला लावले नाही. त्यांनी त्याला भाऊ मानले. कागदोपत्री तो ‘राणेखान भाई’ झाला. १८ जून १७८८ रोजी आग्र्याजवळ इस्माईल बेगचा पराभव करणाऱ्या फौजेचा तो सरदार होता. त्याच वर्षी गुलाम कादिराने शाह आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याच्या पारिपत्याची मोहीमही राणेखानानेच चालविली आणि डिसेंबरात तो नराधम हाती लागला.

येथे एक सावधगिरी हवी. भिस्ती पुढे सेनापती झाला म्हणून तो थोर, असे आपण समजलो तर पुन्हा तलवारीलाच मान दिल्यासारखे होईल. राणेखानाचे सर्वांत मोठे काम आग्र्याला झाले नाही. ते जानेवारीच्या त्या थंडीत, हातात शस्त्र नसताना, एका जखमी माणसाजवळ थांबण्यात झाले. महादजींची थोरवी ही की, त्यांनी ते ओळखले. १८१० साली दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि आपल्या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव मिळाले. तो भिस्ती थांबला नसता तर ही छावणी, ही वस्ती आणि या वस्तीतील मराठी शाळा कोठून आली असती?

त्या शिबिरात टाकीवर काम करणाऱ्या एका मुलाची मी अखेरच्या दिवशी सर्वांदेखत क्षमा मागितली. तो लाजून “असू द्या, सर” एवढेच म्हणाला. त्यानंतर वर्गात मी तो शब्द अनेकदा शिकविला. परंतु प्रथम त्याचा मूळ अर्थ सांगून, आणि मग राणेखानाची गोष्ट.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या सकाळी शाळेत याल तेव्हा वर्ग झाडलेला असेल, माठ भरलेला असेल, घंटा वेळेवर झालेली असेल. ते ज्यांनी केले त्यांची नावे तुम्हांला ठाऊक आहेत काय? नसतील तर उद्या विचारून घ्या. गुरुजींचे स्मरण त्याहून चांगल्या रीतीने करता येईल, असे मला वाटत नाही.