तिसऱ्या पक्षाची वर्गणी

दोन जुन्या पक्षांनी सारे मतदारसंघ वाटून घेतले असतील तेथे तिसऱ्याने शिरावे कसे? विद्वान म्हणतात, विचार हवा. युनियनची वर्गणी गोळा करण्यात माझी हयात गेली. मी आधी पैसा कोण देणार हे विचारतो. ब्रिटनच्या मजूर पक्षाचा इतिहास मी याच अंगाने वाचत आलो आहे.

केअर हार्डी दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागला. १८८८ साली मिड-लॅनार्कच्या पोटनिवडणुकीत तो हुजूर आणि उदारमतवादी अशा दोघांविरुद्ध उभा राहिला. मते पडली अवघी ६१७! मतदारसंघात खाणकामगार पुष्कळ. पण आपले मत फुकट जाऊन हुजूरपक्षवाला निवडून यायचा, ही धास्ती मजुरालाही असतेच. १८९५ साली त्याच्या स्वतंत्र मजूर पक्षाने २८ उमेदवार उभे केले. झाडून सारे पडले, हार्डीही पडला.

युनियनांवाचून गत्यंतर नव्हते. २७ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या मेमोरियल हॉलमध्ये मजूर प्रतिनिधित्व समिती स्थापन झाली. वर्गणी हजार सभासदांमागे वर्षाला १० शिलिंग! त्या वर्षीच्या निवडणुकीत समितीने ३३ पौंड खर्चले आणि दोन जागा मिळवल्या. पुष्कळ युनियना अजून काठावरच उभ्या होत्या. त्यांना आत लोटले ते कोणा वक्त्याने नव्हे, न्यायासनाने. टॅफ व्हेल रेल्वेच्या संपात कंपनीचे जे नुकसान झाले त्याला युनियन जबाबदार, असा निवाडा हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०१ साली दिला. भरपाई बसली २३,००० पौंड. संप केला की तिजोरी गेली, हे प्रत्येक युनियनच्या खजिनदाराला त्या दिवशी कळले. १९०३ पर्यंत समितीशी संलग्न सभासद दुपटीहून अधिक झाले.

त्याच वर्षी समितीचे चिटणीस रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी उदारमतवाद्यांच्या हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्याशी गुप्त करार केला: काही मतदारसंघांत एकमेकांच्या वाटेला जायचे नाही. १९०६ साली २९ जण निवडून आले, समितीने मजूर पक्ष हे नाव घेतले आणि टॅफ व्हेलचा निवाडा त्याच वर्षी कायद्याने पुसला गेला. ६१७ मतांचा अनुभव गाठीशी असलेल्यांनी तडजोड केली, यात मला वावगे दिसत नाही. पण वर्गणी देणाऱ्यापासून ती लपवली, हे मात्र मला रुचत नाही.

पैशाचे दुखणे तरीही सरले नाही. युनियनने राजकारणावर खर्च करू नये, असा निवाडा १९०९ साली ऑस्बोर्न खटल्यात झाला. खासदारांना तेव्हा पगार नव्हता. १९११ साली ४०० पौंड सुरू झाला. पुढे १९१३ च्या कायद्याने युनियनांना वेगळा राजकीय निधी ठेवण्याची मुभा दिली. मात्र त्यासाठी सभासदांचे मतदान घ्यायचे, आणि ज्याला पैसे द्यायचे नसतील त्याने तसे लिहून दिले की त्याच्याकडून ते घ्यायचे नाहीत.