अंगोलातील राजसत्ता आणि कौटुंबिक भांडवल : इझाबेल दोस सांतोस

१९७५ मध्ये पोर्तुगीज वसाहतवादातून मुक्त झालेल्या अंगोलाने प्रारंभी समाजवादाचा मार्ग स्वीकारला. तथापि जोझे एदुआर्दो दोस सांतोस यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात (१९७९-२०१७) तेलसंपन्न राज्यसंस्था व खासगी भांडवल यांतील सीमारेषा पुसट झाली. त्यांच्या कन्या इझाबेल यांचे युनिटेल या दूरसंचार कंपनीत व बँकांत भागभांडवल होते. २०१६ मध्ये पित्यानेच त्यांना सोनांगोल या राष्ट्रीय तेल कंपनीच्या अध्यक्षपदी नेमले. नवे राष्ट्राध्यक्ष जुआंव लोरेन्सू यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना पदमुक्त केले, तर डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांची अंगोलातील मालमत्ता गोठवली. इझाबेल यांनी गैरव्यवहाराचे आरोप नाकारले आहेत. मात्र प्रश्न एका व्यक्तीपुरता मर्यादित नाही. वसाहतीची संपत्ती राष्ट्राची झाली, तरी ती जनतेची होतेच असे नाही, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.