चार मीटरची मर्यादा आणि लघु सेडान मोटारींचे भवितव्य : एक ऐतिहासिक अभ्यास (२००६ ते २०२१)

प्रस्तावना :
एखाद्या वस्तूचे उत्पादन बंद झाले की तिला मागणी उरली नाही, असे सोपे उत्तर दिले जाते. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे ठरते. मागणी ही किंमत, करव्यवस्था, कायदा व सामाजिक प्रतिष्ठा यांतून घडत असते. भारतातील लघु सेडान, म्हणजे चार मीटरच्या आत बसविलेली स्वतंत्र डिकीची मोटार, हे याचे बोलके उदाहरण होय. या प्रकाराचा जन्म करकायद्यातून झाला. त्यातील अनेक मॉडेल्स पुढे बंद का पडली, याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कररचना आणि लघु सेडानचा उदय :
२००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्यासाठी मोटारीची लांबी ४००० मिलीमीटरपेक्षा अधिक नसावी, तसेच पेट्रोल इंजिन १२०० व डिझेल इंजिन १५०० घन सेंटीमीटरपर्यंत असावे, अशी व्याख्या ठरली. २००८ मध्ये हा दर १२ टक्क्यांवर आला. मोठ्या मोटारींचा मात्र २४ टक्केच राहिला. परिणामी काही मिलीमीटरच्या फरकाने मोटारीची किंमत बदलू लागली.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये आपल्या इंडिगो सेडानची डिकी आखूड करून ३९८८ मिलीमीटर लांबीची 'इंडिगो सीएस' बाजारात आणली. याउलट नाशिक येथे तयार होणारी महिंद्र-रेनो यांची लोगान (२००७) चार मीटरहून लांब असल्याने सवलतीबाहेर राहिली. प्रशस्त असूनही ती अपेक्षेइतकी खपली नाही आणि २०१० मध्ये ही भागीदारी संपुष्टात आली. मारुती सुझुकीनेही बोध घेतला. २००८ ची स्विफ्ट डिझायर ४१६० मिलीमीटरची होती. २०१२ ची नवी आवृत्ती ३९९५ मिलीमीटरची झाली. त्यानंतर होंडा अमेझ (२०१३), ह्युंदाई एक्सेंट व टाटा झेस्ट (२०१४), फोर्ड फिगो अस्पायर (२०१५) आणि खास भारतासाठी चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन अमिओ (२०१६) अशी रांगच लागली.

ऱ्हासाची कारणे :
१) सवलतीचे वाटेकरी : कायद्याने लांबी व इंजिन मोजले, मोटारीचा आकार नव्हे. त्यामुळे फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३), मारुती विटारा ब्रेझा (२०१६) व टाटा नेक्सॉन (२०१७) यांसारख्या उंच बांध्याच्या गाड्यांनाही त्याच मर्यादेत बसणे शक्य झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा चार मीटरच्या आतील पात्र मोटारींवर २८ टक्के कर आणि पेट्रोलसाठी १ व डिझेलसाठी ३ टक्के उपकर होता. सेडान असो वा उंच गाडी, दर एकच. ज्या सवलतीने लघु सेडानला जन्म दिला, तिनेच तिचा प्रतिस्पर्धीही वाढविला.

२) प्रतिष्ठेचा प्रश्न : डिकी हे मध्यमवर्गाच्या दृष्टीने बढतीचे चिन्ह होते. परंतु सामानाची सोय व इंधनाची बचत या गुणांमुळेच लघु सेडान भाड्याच्या व्यवसायात मोठ्या प्रमाणावर शिरली. टॅक्सी म्हणून रूढ झालेली गाडी घरासाठी घेण्यास अनेक कुटुंबे कचरू लागली.

३) नियमपालनाचा खर्च : ऑक्टोबर २०१९ पासून चालू मॉडेल्सनाही अपघात-चाचणीचे नियम लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ प्रदूषण मानके आली. लहान डिझेल इंजिन या मानकांत बसविणे महाग होते. रांजणगाव येथे तयार होणाऱ्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचे उत्पादन याच सुमारास थांबले. साचे, चाचण्या व प्रमाणपत्रे यांचा खर्च गाड्यांच्या संख्येवर विभागला जातो. खप कमी तर प्रत्येक गाडीवरील बोजा अधिक. झेस्ट, अमिओ व टोयोटाची चार मीटरहून लांब इटिऑस यांची निर्मिती नव्या मानकांच्या उंबरठ्यावरच संपली. इंडिगो सीएस त्याआधीच, २०१८ मध्ये, बंद झाली होती.

४) कंपनीची माघार : सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि अस्पायरही इतिहासजमा झाली. गुजरातमधील साणंद येथील तो कारखाना टाटा समूहाने २०२३ मध्ये ताब्यात घेतला. २०२४ मध्ये तेथून नेक्सॉन बाहेर पडली. सेडानची जागा उंच गाडीने घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

अपवाद :
केवळ ग्राहकांची अभिरुची बदलली म्हणून हा प्रकार संपला, असे म्हणता येत नाही. २०१८ मध्ये डिझायर ही देशात सर्वाधिक विकली गेलेली मोटार होती. २०२४ च्या अखेरीस डिझायर व अमेझ यांच्या नव्या आवृत्त्याही आल्या. मोठा खप, अन्य मॉडेल्सशी सामायिक सुटे भाग आणि दूरवर पसरलेले सेवाजाळे ज्यांच्यापाशी होते, त्या मोटारी टिकल्या.

निष्कर्ष :
लघु सेडानची अनेक मॉडेल्स बंद पडली ती कोणत्याही एका कारणाने नव्हे. सवलतीचे वेगळेपण संपले, प्रतिष्ठा घटली आणि नेमक्या त्याच वेळी नियमपालनाचा खर्च वाढला. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील कर १८ टक्के झाला, तरी चार मीटरची मर्यादा कायम राहिली. करकायदा केवळ महसूल गोळा करीत नाही. तो वस्तूचा आकार ठरवितो आणि त्या आकारावर कारखान्यांचे व कामगारांचे भवितव्य अवलंबून राहते. म्हणून औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने कारखान्याच्या दप्तराबरोबरच अर्थसंकल्पाची परिशिष्टेही वाचणे अगत्याचे आहे.